आबांची दोन पदकं आणि कारणाचा रकाना

"तीन महिन्यांत पदकं आबांच्या कोटावर लागली नाहीत, तर मी पुन्हा पेन हातात धरणार नाही," असं जावईबापूंनी सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि पाण्याचा पेला खाली असा ठेवला, जणू शिक्काच मारला.

"पेन सोडलंत तर दिवसभर करणार काय?" त्यांच्या बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त होता. जावईबापू पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं आवक-जावक कारकून होते आणि निवृत्त होऊन त्यांना दोनच महिने झाले होते. तेवढ्यात त्यांनी घरातल्या औषधांच्या चिठ्ठ्यांना क्रमांक दिले होते, आणि बायकोच्या किराणा सामानाच्या यादीवर 'पाहिले' असा शेरा मारून सही करायला सुरुवात केली होती. तिने आपल्या आईकडे तक्रार केली. आईने, म्हणजे जावईबापूंच्या सासूबाईंनी, यातून सगळ्यांच्या सोयीचा मार्ग काढला. "ह्यांच्या पदकांचं काम द्या त्यांना. गुंततील."

ह्यांची पदकं म्हणजे आबांची. आबा बावन्न वर्षांपूर्वीच्या लढाईत लष्करी लॉरी चालवत होते. लढाई चौदा दिवस चालली. आबांनी तोफगोळ्यांच्या पेट्या आघाडीवर पोचवल्या आणि चौदाव्या दिवशी मांडीत लोखंडाचा तुकडा घुसवून घेतला. आघाडीवर असल्याचं एक पदक आणि जखमेचं एक, अशी दोन पदकं त्यांना मिळायला हवी होती. पण लढाई संपताच तुकडी हलली, कागद भलतीकडे गेले, आणि पदकं काही आली नाहीत. येतील येतील म्हणता आबांचे केस पिकले, मग गळूनही गेले.

यंदा तुकडीच्या मेळाव्यात मोठे साहेब स्वतः राहिलेली पदकं लावणार होते. पण ज्यांची नोंद दप्तरात आहे त्यांनाच. आबांची नव्हती. दर वर्षी ते साधा कोट घालून मागच्या रांगेत बसत, आणि दर वर्षी एक जुना वायरलेसवाला सगळ्यांदेखत म्हणे, "हा आमचा गडी. लढाई घरून लढला." हा वायरलेसवाला त्या चौदा दिवसांत मागच्या तळावर होता. त्याने आबांना आघाडीवर पाहिलं नव्हतं, आणि जे आपण पाहिलं नाही ते झालंच नाही असं मानणाऱ्यांपैकी तो होता. आबा तिथे हसून घेत. घरी येऊन मात्र न जेवता झोपत. आईंना ते बघवत नसे.

आईंच्या लेखी तर आबांच्या शौर्याला पुरावाच नको होता. लेक तीन आठवड्यांची असताना, आबा रजेवर घरी जेवत बसलेले असताना तार आली, आणि ते भरल्या ताटावरून उठून लढाईवर गेले, ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. बाळंतपणासाठी आलेली आईंची आई तर मरेपर्यंत सांगत होती, "जावई असावा तर असा." आपण त्या यादीत नाही, हे जावईबापूंना लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

तर जावईबापू कामाला लागले.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, अर्जातला एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. कोरा रकाना दिसला की समोरच्या कारकुनाला अर्ज परत पाठवायला निमित्त मिळतं. दुसरा, अर्जात ज्याचा ज्याचा उल्लेख येईल त्याला एकेक प्रत माहितीसाठी गेलीच पाहिजे. पाणीपुरवठ्यात असताना एका फुटक्या नळाच्या पत्राच्या त्यांनी एकोणीस प्रती काढल्या होत्या. नळ तसाच राहिला, पण तो फुटलाय हे माहीत नाही असा एकही माणूस खात्यात उरला नाही.

"दोन ओळी लिही की," आबा म्हणाले. "माझी पदकं राहिली, ती द्या. झालं."

"आबा, दोन ओळींच्या अर्जाला कोणी भीक घालत नाही."

अर्ज अकरा पानांचा झाला. शेवटच्या पानावर, 'प्रत माहितीसाठी' या शब्दांखाली सहा नावं होती. सहावं नाव होतं, निकटचे नातेवाईक म्हणून, अर्जदाराच्या पत्नीचं.

"मला कशाला प्रत?" आई म्हणाल्या. "मी इथेच तर बसलेय."

"पद्धत असते, आई. आणि एकदा यादीत नाव घातलं की पुढचं सगळं उत्तर आपोआप तुम्हालाही येतं. काळजीच नाही."

दीड महिन्याने उत्तर आलं. त्यात चारच ओळी होत्या. दप्तरानुसार अर्जदार त्या काळात पंचेचाळीस दिवसांच्या रजेवर घरी होते. सबब पदकं देता येत नाहीत. पुरावा असल्यास समक्ष दाखवावा.

आबांनी ते पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे तो वायरलेसवाला खरा," ते म्हणाले. "सरकारच म्हणतंय मी घरी होतो." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की जावईबापूंना प्रथमच या कामाची धास्ती वाटली. आता हे काम वेळ घालवण्याचं राहिलं नव्हतं. म्हातारा खरंच आत कुठेतरी मोडत होता.

आईंकडेही हीच चार ओळींची प्रत आली होती. त्यांनी ती वाचली आणि म्हणाल्या, "तारेचं सांगा त्यांना. तार तुम्हीच पाठवली होती म्हणावं."

आबा खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी सासरे-जावई बसने दप्तर कार्यालयात गेले. लांबलचक खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि मधोमध एका टेबलामागे जाड चष्म्याचा नोंद-कारकून. जावईबापूंनी त्याच्या अंगठ्यावरची जांभळी शाई पाहिली, त्याने जावईबापूंच्या फायलीची दोरी पाहिली, आणि जत्रेत हरवलेले भाऊ भेटावेत तसे दोघे एकमेकांना भेटले. पुढचा अर्धा तास ते टाचण्या गंजण्याबद्दल बोलले. आबा स्टुलावर एका कुशीवर कलून बसले होते.

"तार आली असेल तर तिची नोंद असणारच," नोंद-कारकून उठत म्हणाला.

"तारेचं राहू द्या," आबा म्हणाले. "लॉरीची वही बघा. गाडी बाहेर काढली की सही करावी लागायची."

वही सापडली. चौदाही दिवस आबांची सही होती. जावईबापूंनी टेबलावर थाप मारली. पण नोंद-कारकून तारखा बघत होता. "गंमत आहे," तो म्हणाला. "पहिली सही लढाई सुरू व्हायच्या नऊ दिवस आधीची आहे. तुम्हाला तार कोणी आणि कशाला पाठवली?"

त्याने पान उलटलं. मागे टाचणीने एक पिवळा अर्ज लावलेला होता. रजा संपण्याआधीच हजर करून घ्यावे, अशी विनंती. खाली सही आबांची. तुकडीच्या कारकुनाने हा अर्ज पुढे पाठवायचा तो राहिला, लढाई लागली, आणि वरच्या दप्तरात आबा घरीच राहिले. अर्जात एक रकाना होता, 'कारण'. त्यात आबांनी, तरुण आणि ठसठशीत अक्षरात, लिहिलं होतं: घरी सासूबाई मुक्कामाला आहेत.

नोंद-कारकुनाने कागद जावईबापूंसमोर सरकवला.

"मी कोराच सोडत होतो," आबा म्हणाले. "पण तिथला कारकून म्हणाला, रकाना कोरा चालणार नाही."

"बरोबर बोलला," जावईबापू सवयीने म्हणाले.

"तार वगैरे काही आली नव्हती. त्या बाई सकाळी मी कसा चालतो ते सांगायच्या आणि संध्याकाळी मी कसा जेवतो ते. बारा दिवस काढले. तेराव्या दिवशी तार आली असं सांगून निघालो. मला काय माहीत, नऊ दिवसांनी लढाई लागेल म्हणून." त्यांनी जावयाचं मनगट धरलं. "हा कागद लावल्याशिवाय पदक मिळणार नाही ना?"

"नाही, आबा."

"मग लाव. पण घरी कळता कामा नये."

"घरी कसं कळेल? हे सगळं कार्यालयीन आहे," जावईबापू म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचा चेहरा इतका निष्पाप होता की त्यांचा खोटं बोलण्याचा इरादा नव्हता हे कोणीही शपथेवर सांगेल.

महिन्याभराने, मेळाव्याला आठ दिवस उरले असताना, पोस्टमन आला. जावईबापू सासुरवाडीलाच होते. पोस्टमनने दोन रजिस्टर पाकिटं काढली. एक आबांच्या नावाचं, एक आईंच्या. दुसरं पाकीट बघितल्याबरोबर जावईबापूंना अकरावं पान आठवलं आणि त्यांनी हात पुढे केला.

"ते माझ्याकडे द्या," ते घाईने म्हणाले. "नुसती प्रत आहे ती."

"ज्यांचं नाव त्यांचीच सही," पोस्टमन म्हणाला. "नियम आहे."

अडतीस वर्षं जावईबापूंनी हेच वाक्य इतरांना ऐकवलं होतं. आई हात पुसत आल्या, सही केली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागल्या, कारण आबांना बारीक अक्षर दिसत नसे. "दोन्ही पदके मंजूर," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. आबा खुर्चीवरून अर्धे उठले. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्यात थोडी भीतीही होती. मग आई पुढची ओळ वाचू लागल्या. "अर्जदार हे युद्धापूर्वी नऊ दिवस, स्वतःच्या विनंतीवरून, 'घरी सासूबाई मुक्कामाला आहेत' या कारणास्तव..."

आईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ तीच होती.

"तार नव्हती?"

"नव्हती," आबा म्हणाले.

"माझी आई पंधरा दिवसांसाठी आली होती. तुम्ही गेलात, मग मला एकटीला कसं सोडायचं म्हणून सात महिने राहिली. सात महिने! मी कशी चालते, कशी जेवते, पोरीला कशी धरते. आणि मी सगळं सोसलं, का तर माझा नवरा देशासाठी गेलाय."

"पळून गेलो, खरं आहे," आबा म्हणाले. "पण तिथे गेल्यावर पळालो नाही."

आईंनी कागदाची घडी घातली. "ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "जखम मी पाहिलीय. मांडी मांडी म्हणत सगळ्यांना सांगता. मांडी कुठे असते ते मला कळतं. बावन्न वर्षांत मी कोणाकडे बोलले? मग तुम्हाला मला एवढं सांगता आलं नाही?"

आई आत गेल्या आणि कपाटातून बॅग काढण्याचा आवाज आला.

मेळावा झोकात झाला. मोठ्या साहेबांनी आबांच्या कोटाला दोन्ही पदकं लावली आणि ते ताठ उभे राहिले, सरळ, दोन्ही पायांवर. वायरलेसवाला पुढे आला, नुसता सलाम ठोकला. आबांनी सलाम परत केला. दुसऱ्या रांगेत आई सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होत्या.

"आता येतेस ना घरी?" आबांनी खाली उतरून विचारलं.

"अभिमान वाटला हो तुमचा," आई म्हणाल्या. "पण घरी सात महिन्यांनी. तोवर मी लेकीकडेच मुक्कामाला आहे." मग त्या जावईबापूंकडे वळल्या. "आणि जावईबापू, काल तुम्ही आमटी ओरपत होतात. आवाज बाहेर ऐकू येत होता. चालताना पायही घासता."

जावईबापू बरं म्हणाले, आणि पाय उचलून टाकत मांडवाच्या टोकाला गेले. तिथे टेबल मांडून एक तरुण जवान भरतीची माहितीपत्रकं वाटत होता.

"वयाची अट किती?" त्यांनी विचारलं.

"तेवीस."

"सूट वगैरे मिळते का काही?"

"किती वर्षांची हवीय?"

जावईबापूंनी मागे वळून पाहिलं, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि हळूच म्हणाले, "पस्तीस."