सँपल फ्लॅटमधला संसार

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा माझा आग्रहही नाही! पण भाडं न देता, अनामत न ठेवता, हाताला काम नसताना, नव्या कोऱ्या घरात झुंबराखाली झोपलेला माणूस या शहरात एकच. तो म्हणजे मी! हसू नका. ही इथेच बसून माझ्या सदऱ्याला बटण लावते आहे. तिला विचारा. नको, आत्ता नको. हातात सुई आहे.

तर आमचा कारखाना बंद पडला. मी हिला म्हटलं, "चल, शहरात जाऊ. माझ्यासारख्या माणसाला तिथे नोकऱ्या हाका मारतील!" सासरे शेजारीच बसले होते. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "जावईबापू, परतीची तिकिटं आत्ताच काढून ठेवू का?"

झोंबलं हो! सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "स्वतःचं बिऱ्हाड मांडल्याशिवाय या दारात पाऊल ठेवणार नाही!"

बोललो खरा, पण शहरात आल्यावर गंमत कळली. नोकरी देणारा विचारायचा, "राहता कुठे?" मी म्हणायचो, "घर शोधतोय." "मिळालं की या." घर देणारा विचारायचा, "नोकरी कुठे?" "शोधतोय." "लागली की या." दोघांच्या मधे मी बॅडमिंटनच्या फुलासारखा इकडून तिकडे! एक घरमालकीण जरा मऊ वाटली. तिला म्हटलं, "बाई, माझं स्वतःचं काम आहे."

"कसलं?"

"शोधण्याचं."

दार इतक्या जोरात आपटलं की वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

शेवटी लॉजवाल्याने आमच्या ट्रंकेकडे वाईट नजरेने बघायला सुरुवात केली. ही म्हणाली, "अहो, संध्याकाळपर्यंत डोक्यावर छप्पर आलं तर ठीक. नाहीतर मी बाबांना फोन करते."

बाबांना! सासऱ्यांचा तो चेहरा आणि ती तिकिटं डोळ्यांसमोर नाचायला लागली. धावत मावसभावाकडे गेलो. तो वायरमन. स्वतः पाच जणांबरोबर एका खोलीत राहणारा. डोकं खाजवून म्हणाला, "दादा, एक जागा आहे. मी एका नव्या इमारतीचं वायरिंग करतोय. तिथे तळमजल्यावर सँपल फ्लॅट आहे."

"म्हणजे?"

"गिऱ्हाइकाला दाखवायला सजवलेलं घर. वरचे फ्लॅट कसे होणार ते कळावं म्हणून. दिवसा दाखवतात, रात्री रिकामं. वॉचमन माझा दोस्त आहे. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत तू आणि वहिनी बाहेर पडा. पण कशाला हात लावू नका हं!"

"का रे? महाग आहे?"

"महाग नाही. खरं नाही."

मला काही कळलं नाही. मी मान डोलावली.

रात्री आत पाऊल टाकलं आणि ही हरखलीच! झुंबर काय, सोफा काय, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो काय! पाणी प्यावं म्हणून मी फ्रिज उघडला. मागे भिंत! नुसतं दारच चिकटवलेलं! टीव्ही पुठ्ठ्याचा. कपाटात जाडजूड पुस्तकं, हात घातला तर सगळी मिळून एकच फळी. सफरचंदाचा चावा घेतला, दाताचा तुकडा पडला, सफरचंद जसंच्या तसं! नळ सोडला तर त्यातून म्हाताऱ्यासारखा सुस्कारा आला, पाण्याचा थेंब नाही. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड केलेला. मी आडवा झालो तर गुडघ्यापासून पुढचा माणूस बाहेर! आणि फोटोतलं ते परकं कुटुंब रात्रभर आमच्याकडे बघून हसतंय. ही म्हणाली, "आधी त्यांची तोंडं भिंतीकडे करा, मग मी कपडे बदलते."

पाणी बाहेरच्या टाकीवरून बादलीने आणायचं आणि बाकी सगळ्यासाठी मजुरांच्या शेडमागे जायचं. तरीही छप्पर ते छप्पर!

पहाटे डोळा उघडला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजलेले! "उठ, उठ, गिऱ्हाईक आलं!" हिला ओढत ट्रंकेसकट बाहेर आलो तर मिट्ट काळोख. घड्याळही दाखवायचंच! त्यात कायम दहा. तेव्हा दुसऱ्या दिवशी जाग आली, घड्याळात दहा दिसले, मी त्याच्याकडे बघून हसलो आणि कूस बदलली.

त्या दिवशी खरंच दहा वाजले होते!

दार उघडलं. मी दात घासत सोफ्यावर बसलेला, अंगावर बनियन, खांद्यावर टॉवेल. दारात फ्लॅट विकणारा टायवाला, मागे एक नवरा-बायको आणि काठी टेकत आलेले त्यांचे आजोबा. टायवाल्याने मला पाहिलं. मी टायवाल्याला पाहिलं. संपलं, म्हटलं, आता तिकिटं! तर त्याचा चेहरा एकदम फुलला.

"अरे वा! हेड ऑफिसने पाठवलंय ना? सुखी कुटुंब!"

मला काही कळलं नाही. आणि काही कळलं नाही की मी 'हो' म्हणतो. माझं लग्न असंच जमलं. "हो," म्हटलं.

तो कानाशी लागला, "इतके खरे दिसणारे लोक पहिल्यांदाच पाठवले! टॉवेल तर झकास! आता हसा."

मी हसलो. तोंडातून फेस गळला.

"अहो, कोण आलंय?" आतून हिचा आवाज.

"वा! आवाजसुद्धा!" टायवाला खूश.

गिऱ्हाईक बाईंनी मला विचारलं, "तुम्ही इथेच राहता?"

"हो."

टायवाल्याने मागून डोळे वटारले.

"म्हणजे नाही."

"मग?"

"राहतो, पण नसतो."

त्यांचे यजमान भडकले. "अहो, दुसऱ्याला विकलेलं घर आम्हाला काय दाखवताय?"

"छे छे!" टायवाला घामाघूम. "हे गृहस्थ नुसते दाखवायला आहेत!"

"आणि आत बाई आहेत त्या?"

"त्याही दाखवायलाच!"

ही फणी हातात घेऊन बाहेर आली. "काय म्हणालात?"

टायवाला दोन पावलं मागे सरला आणि नेमका कोणाच्या तरी अंगावर आदळला. दारात इस्त्री केलेलं एक जोडपं उभं! दोघांचे कपडे एका रंगाचे, दात एका मापाचे. "नमस्कार! आम्ही सुखी कुटुंब. हेड ऑफिसने पाठवलंय."

टायवाला त्यांच्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "मग हे कोण?"

"शेजारी!" ही म्हणाली. बाई मोठी धोरणी!

"बघा, शेजारसुद्धा किती घरगुती!" टायवाल्याने गिऱ्हाइकाला तेवढ्यातही विकायला सुरुवात केली.

तो इस्त्रीवाला माझ्या सोफ्यावर ऐसपैस बसला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय शेजारी, बऱ्याच दिवसांनी!" त्याच्या बायकोने हिला विचारलं, "बसा ना, चहा टाकू का?" कशावर टाकणार होती देव जाणे! पण मंडळी, त्यांचं वागणं इतकं अस्सल की माझंच डोकं चालेना. आपण कोणाकडे आलोय? घर कोणाचं? मी तर चक्क उठलो, "बरंय, येतो, तुम्हीही या एकदा," असं म्हणून दारापर्यंत गेलो. तिथे आठवलं, आपली ट्रंक आत आहे. बायकोही आत आहे. आणि जायला दुसरीकडे कुठे नाहीच!

तेवढ्यात आजोबा उठले. "संडास कुठे आहे हो?"

सुखी कुटुंबाचं हसू तसंच थिजलं. नुसतं भांडं बसवलेलं, खाली नळी ना नाली!

"आजोबा, जरा नंतर..." टायवाला पुटपुटला.

"या वयात नंतर नसतं!" आजोबा निघाले, काठी टकटकत.

टायवाला हातवारे करून मला विनवतोय, गप्प बसा! बोललो तर छप्पर जातं. सासरे जिंकतात. गप्प बसलो तर... तुम्हीच विचार करा काय झालं असतं!

तेव्हा मंडळी, मी छाती काढून पुढे झालो. आजोबांची वाट अडवली. गरजलो, "थांबा! या घरात नळाला पाणी नाही, पुस्तकांना पानं नाहीत, फ्रिजला पोट नाही! हे कुटुंब सुखी नाही, रोजंदारीवर आहे! आम्ही शेजारी नाही. आम्हाला नोकरी नाही म्हणून घर नाही, आणि घर नाही म्हणून इथे चोरून झोपतो. खरा संडास शेडमागे आहे. चला, धरा माझा हात!"

आणि नेलं त्यांना. परत आल्यावर आजोबांनी नातवाला सांगितलं, "फ्लॅट इथेच घे. इतके बिल्डर पालथे घातले, खरं बोलणारं माणूस इथे भेटलं." सौदा जागच्या जागी! बिल्डर दुसऱ्या दिवशी स्वतः आला. म्हणाला, "असंच माणूस मला गिऱ्हाइकांशी बोलायला हवंय." ऑफिसमागची खोली राहायला दिली, पाण्याच्या नळासकट! मी लगेच सासऱ्यांना फोन लावला, "बिऱ्हाड मांडलं, नोकरीही लागली!"

हिने दाताने दोरा तोडला. सदरा माझ्या मांडीवर टाकला. "कोणाला लागली?"

"म्हणजे... आपल्या घरात लागली."

"आणि आजोबांना हात धरून नेलं कोणी?"

"अगं, आता इतक्या वर्षांनी..."

"अहो, तुम्ही पडद्यामागे लपला होतात!" ही सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आणि पडदा होता गुडघ्यापर्यंत. शेडकडे जाता जाता आजोबा मला विचारत होते, बाई, ते पाय तरी खरे आहेत का?"