गच्चीवरचा युरोप

मिहिका आणि ओम, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, एका राजपुत्राच्या खुनावरून एवढं महायुद्ध कसं पेटलं?" तुमची परीक्षा जवळ आली आहे, म्हणून आजच लिहिते. मला ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या देवरे सरांनी शिकवलं.

सर मूळचे धुळ्याचे, इथल्या उधन्याच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. शेजाऱ्यांबद्दल बोलताना ते त्यांची नावं घेत नाहीत, देशांची घेतात. "वहिनी, इंग्लंड आज भाजीला गेलं नाही का?" असं मला जिन्यात विचारतात.

इंग्लंड म्हणजे तळमजल्यावरच्या रसीलाबेन. गच्चीची किल्ली पहिल्यापासून त्यांच्याकडे. "समुद्र त्यांचा. पापड कुणी कधी वाळवायचे, त्या ठरवणार," सर म्हणायचे. साड्यांचे व्यापारी जिग्नेशभाई नवे राहायला आले आणि त्यांनी दुसरी किल्ली करून घेतली. "जर्मनी आरमार बांधतेय. आता दोघं मित्र जमवतील."

आणि खरंच जमवले. तीन घरं इकडे, तीन तिकडे. "भांडण दोघांचं असलं तर मिटतं, वहिनी. पाठीराखे आले की कुणाला मागे फिरता येत नाही." स्वतः सर तटस्थ, इतके, की कुणाकडे चहाही घेत नसत.

यंदा उन्हाळ्यात जिग्नेशभाईंची ओली चादर दोरीवरून रसीलाबेनच्या पापडांवर पडली. "झाडली गोळी," सर पुटपुटले. संध्याकाळपर्यंत गच्चीच्या दाराला दोन्ही बाजूंची दोन कुलपं लागली.

दोन दिवसांनी सरांनी दोघांना घरी बोलावलं. साक्षीदार मी. भिंतीवर नकाशा लावून ते गुप्त करारांवर बराच वेळ बोलले.

"सर, आमाला काय करायचं ते बोला ने," जिग्नेशभाई कंटाळून म्हणाले.

सरांनी छडी खाली ठेवली. "मला वर जायचंय. हिनं लावलेला मोगरा आहे, टाकीमागे. परवापासून पाणी नाही."

त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली. मोगऱ्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग आधी का नाय बोलला, भाई?" रसीलाबेननी विचारलं.

"तटस्थानं मागायचं कसं, बेन?"

जिग्नेशभाईंनी खिशातून किल्ली काढून रसीलाबेनकडे पाहिलं. रसीलाबेननी पदराची गाठ सोडली. तिघं जिना चढून गेले.

ते दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. कुलपंही दोन आहेत, पण सकाळी दोन्ही उघडी असतात. मोगऱ्याची एक बाजू वाळली. दुसरीला फुलं येतात.