धूर कुठनं जाईल?

कोणाच्याही घरी गेले की बापू खैरनार आधी थेट स्वयंपाकघरात शिरायचे आणि यजमानाला दरडावून विचारायचे, "खिडकी कुठंय? धूर कुठनं जाईल?" गॅसवर स्वयंपाक करणारी माणसं बावचळून एकमेकांकडे बघत राहायची.

बापू आमच्या नाशकातले कलादिग्दर्शक. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले. नव्वदच्या दशकात एकलहऱ्याजवळच्या एका मळ्यात छोट्या मराठी सिनेमाचं शूटिंग होतं, तेव्हा मी अंबडच्या कारखान्यातून रजा टाकून त्यांच्या हाताखाली सेट उभारायला गेलो. सेटवर कुणा दोघांचं भांडण लागलं तरी बापू म्हणायचे, "बोलू द्या रे त्याला. माणसाचा धूर कुठनं जाईल?"

स्वयंपाकघराचा सेट आम्ही तीन भिंतींचा केला. चौथ्या बाजूला कॅमेरा. चुलीसमोर बापूंनी दोन दारांची भलीमोठी खिडकी ठेवली. पुण्याहून आलेले तरुण दिग्दर्शक ती बघून भडकलेच.

"बापू, ही बाई या घरात घुसमटलीय. मला अंधार पाहिजे. त्यात खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतायत! बुजवा ती."

"अंधार गोष्टीत ठेवा ना साहेब. बाईच्या सैपाकघरात कशाला?"

"बुजवा म्हणतो ना!"

बापूंनी मान डोलावली. चौकटीवर तरट ठोकलं, वरून मातीचा गिलावा केला, शेणानं सारवलं. भिंत अशी बेमालूम झाली की साहेब खूश. बाहेरच्या बाजूनं मात्र बापू चिमण्या झाकायला एरंडाच्या फांद्या रोवत होते. मी विचारलं तर म्हणाले, "तू गप. खिळे दे."

शेवटच्या दिवशी सकाळी मुख्य प्रसंग होता. बाई चुलीपुढून उठते आणि घर सोडायचं ठरवते. नायिकेला नाटकाच्या दौऱ्यासाठी दुपारी निघायचं होतं, पुन्हा तारीख मिळणार नव्हती. आणि नेमका भाड्याचा जनरेटर बसला. लाइट गेले. साहेब डोक्याला हात लावून खाली बसले. सगळा सिनेमा त्या एका प्रसंगावर उभा होता.

बापू आत गेले आणि दोन्ही हातांनी तरट टराटरा ओढलं. मातीचे पोपडे पडले, आणि सकाळचं ऊन थेट चुलीवर येऊन पडलं. धुरातून उजेडाचा पट्टा नायिकेच्या तोंडावर आला. तिनं खिडकीकडे पाहिलं, पदर खोचला आणि उठली.

"कॅमेरा!" साहेब ओरडले.

एका टेकमध्ये प्रसंग झाला. युनिटनं टाळ्यांचा कडकडाट केला, साहेबांनी बापूंना चक्क उचललं. वर उचललेले बापू म्हणत होते, "बघा, धूर जातोय!"

सेट मोडला, तेव्हा साहेब म्हणाले, "बापू, काय पाहिजे ते मागा." बापूंनी खिडकी मागितली. त्यांच्या लुनावर मागे बसून, ती कवटाळून, मी द्वारका चौकामागच्या त्यांच्या बिऱ्हाडाच्या दारापर्यंत पोचवली.

चार-आठ दिवसांनी त्यांनी मला चहाला बोलावलं. मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात गेलो. दोन खोल्या. स्वयंपाकघराला तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, दिवसाही दिवा लावावा लागे. बापूंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मळ्यात वाढलेल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या याच अंधारात भाकरी थापत होत्या, आणि दुसरं घर घेणं बापूंना कधी जमलं नव्हतं. बापू घरोघरी खिडकी का विचारतात, ते मला एकदम कळलं.

ओट्यासमोरच्या आंधळ्या भिंतीवर ती खिडकी ठोकलेली होती. आत बापूंनी वहिनींच्या माहेरचा मळा रंगवला होता. विहीर, झेंडू, मेथीचे वाफे.

"वाफे कोरडे दिसत्यात हो," वहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या.

बापूंनी कुंचला घेतला आणि वाफ्यांत पाणी सोडलं.

दिवेलागणीला मी निघालो. वहिनींनी हात पुसले आणि खिडकीची दोन्ही दारं लावून घेतली.

"डास येतात," त्या म्हणाल्या.