आहाराची जबाबदारी मी घेतली, त्याची हकीकत

सुज्ञ वाचकहो! अपत्यप्राप्तीसाठी औषधोपचार घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरास आहाराचे पाठबळ कसे द्यावे, आणि ते देताना घरास आग लागण्याची वेळ कशी येऊ देऊ नये, या गंभीर विषयावर मी आज स्वानुभव सादर करीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले आहे. परंतु औरंगपुऱ्यातील एका सुकामेव्याच्या दुकानात मी कित्येक वर्षे काउंटरवर उभा आहे. बदाम खवट आहे की ताजा, हे मी डोळे मिटून केवळ वासावरून सांगू शकतो! तात्पर्य, आहार या विषयातील माझा अधिकार लहानसहान नाही.

माझी पत्नी सौ. तनुजा हिच्या उपचारांची ही दुसरी खेप होती. पहिल्या खेपेस गर्भ ठेवल्याचे वृत्त तिच्या वडिलांस कळले मात्र! पुंजाराम अण्णा खुलताबादकडचे शेतकरी, हर्ष त्यांच्या पोटात मावत नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी गावभर पेढे वाटले. पुढे रिपोर्ट आला, गर्भ राहिला नव्हता. त्यानंतर प्रत्येक लग्नकार्यात बायका तनुजाला कोपऱ्यात घेऊन विचारीत, "आगं, पेढे खाल्ले व्हते आमी, मंग?"

म्हणून या खेपेस भाकरी थापता थापता तिने मला बजावले, "अण्णांना नाय सांगायचं, गल्लीला नाय सांगायचं, कुणालाच नाय. पुन्हा तसं झालं, तर मी दवाखान्याची पायरी चढणार नाय. सांगून ठेवते."

तिचा स्वर शांत होता. शांत स्वरात बोललेले ती नेहमी खरे करते!

मे महिन्यात तिचे स्त्रीबीज काढण्याची प्रक्रिया झाली. पुढच्या महिन्यात गर्भ ठेवावयाचा होता. दवाखान्यातील आहाराच्या मॅडमना मी अदबीने विचारले, "मॅडम, हिला काय काय द्यावं?"

"डाळ, अंडी, पालेभाजी, ताक. आणि भरपूर पाणी!"

"एवढंच?"

"एवढंच."

वाचकहो, माझा विरस झाला. एवढे मोठे उपचार, आणि त्यास वरण-पालेभाजीची जोड? हे म्हणजे नवरदेवास घोड्यावर बसवून अंगात बनियन घालण्यासारखे झाले! मी मनाशी म्हणालो, मॅडमचे वाचन दांडगे असेल, पण त्यांनी कधी गोडंबी फोडलेली नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, आणि येताना डिंक, खारीक, खोबरे, गोडंबी व साजूक तूप घेऊन आलो. तनुजा आत झोपली होती. मी कढई चढविली. डिंक असा फुलला, असा फुलला, की जणू कढईत मोगऱ्याचा बहर आला!

आमच्या पुंडलिकनगरच्या घरात स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या मालनबाईंच्या अंगणात उघडते. गल्लीत कोणाचेही बाळंतपण असो, बाई न बोलावता धावून जातात आणि बाळंतीण उठून चालू लागेपर्यंत हलत नाहीत. डिंकाच्या वासासरशी त्या खिडकीत आल्या.

"बद्रीभाऊ, डिंक तळता व्हय?"

"व्हय मावशी."

"कुणासाठी?"

"तनुजासाठी. अशक्तपणा आलाय."

"काल रिक्षातून उतरताना पोटाला हात लावून चालत व्हती."

"मावशी, त्याबद्दल काही विचारू नका. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलंय आमचं."

मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळले. "नाय सांगत भाऊ. तोंडाला कुलूप घातलं म्हना!"

सदर कुलूप त्यांच्या फाटकापर्यंत टिकले!

कारण बाईंनी हिशेब जुळविला होता. इंजेक्शनांमुळे तनुजाचे पोट फुगलेले, अंगावर सैल गाऊन, वरचेवर दवाखान्याच्या फेऱ्या, काल धरून धरून चालणे आणि आज डिंक! आता उरला एकच प्रश्न, की बाळाचे रडणे कसे ऐकू येत नाही? त्याचेही उत्तर बाईंस सापडले. बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले, म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवले आहे, आणि म्हणूनच जोडपे गप्प आहे!

मी मात्र लाडवांची परात तनुजाच्या उशाशी ठेवून समाधानाने दुकानात गेलो.

संध्याकाळी परत येतो तो काय! आमच्या खिडकीतून धूर! मी चपलांसह आत धावलो. पलंगावर तनुजा, कानात कापूस, डोक्याला लोकरी मफलर. पलंगाखाली रसरसलेल्या निखाऱ्यांची शेगडी, तीत ओवा टाकलेला. बाहेर मे महिन्याचे ऊन आणि आत ही भट्टी! भिंतीलगत गल्लीतील बायका मांडीवर झबली-टोपडी घेऊन बसल्या होत्या, आणि पाण्याचा तांब्या मालनबाईंच्या ताब्यात होता.

"अहो!" तनुजा ओरडली. "मला पाणी द्यायला सांगा ह्यांना!"

"पानी?" मालनबाई म्हणाल्या. "कच्च्या अंगाला पानी देत्यात व्हय? ओवा चाव, ओवा!"

"मावशी, कितीदा सांगू? मला बाळ नाय झालं!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. मालनबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरविला. "आसं बोलू नाय पोरी. काचंतली लेकरं बी चांगली जगत्यात."

"कुठली काच?"

"भरमिष्टावानी करतीय गं," एक बाई हळहळली. "दुःख लई लागलं जिवाला."

एवढ्यात लोंबणाऱ्या चादरीच्या टोकास निखारा लागला आणि ज्योत उठली! मी मोरीतली भरलेली बादली उचलली आणि मागचापुढचा विचार न करता रिकामी केली. शेगडी विझली. चादर, पत्नी, मालनबाई आणि झबली, सर्वांस सारखेच पाणी मिळाले!

त्याच क्षणी दारात छोटा टेम्पो थांबला. पुंजाराम अण्णा दरवर्षी गल्लीस तूर पुरवितात, त्यामुळे त्यांचा नंबर घरोघरी आहे. मालनबाईंनी फोन करून कळविले होते, "आजोबा झालात! पर पोरीनं लपवलंय. तुमाला कळलंय आसं दावू नका." अण्णा पाळणा घेऊन उतरले. चांगला सागवानी, पितळी कड्यांचा.

"जावईबापू," ते म्हणाले, "मला कळलंय आसं दावायचं नव्हतं. पर पाळणा काय खिशात मावंना!"

तनुजा उठून उभी राहिली. तिच्या मफलरातून पाणी ठिबकत होते.

"अण्णा, बाळ नाय झालं. उपचार चालू हायेत. पुढच्या महिन्यात गर्भ ठेवायचाय. राहील का नाय, ते डॉक्टरला बी ठाव नाय."

अण्णांनी पाळणा खाली टेकविला. बराच वेळ ते त्याची कडी पुसत राहिले.

"मागल्या टायमाला म्या पेढे वाटले, त्येच लागलं ना तुला?"

तनुजाने ओला मफलर कपाळावरून मागे सारला.

"बाप हाय. मला वाटलं, आनंद करावा. आता पेढे नाय वाटत पोरी. तू म्हनशील तवाच."

"मंग ह्यो डिंक?" मालनबाईंनी विचारले. सर्व माना माझ्याकडे वळल्या.

"शक्तीसाठी," मी म्हणालो. "दुकानात आम्ही थंडीचा माल म्हणून विकतो."

"आवं, मे म्हैन्यात डिंक बाळंतिणीबिगर कोन खातंय? तुमी इकता का नुसतं तोलता?"

मालनबाईंनी स्वतः तांब्या भरला आणि तनुजासमोर धरला. "पी. समदा पी. माझ्याच मुळं तान्हेली व्हतीस." तनुजा घटाघटा प्यायली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. आता ती दवाखाना सोडल्याचे सांगणार, असे मी गृहीत धरले होते. तिने तांब्या खाली ठेवला, मफलर पिळला आणि म्हणाली, "लपवायला आता काय उरलं? सोमवारी तपासणीला जायचंय. रिक्षा सांगून ठेवा."

सोमवारी आहाराच्या मॅडमनी उभयतांचे वजन केले. तनुजाचे जेथल्या तेथे होते. तिला उकडलेली अंडी आणि ताक मालनबाई भिंतीवरून पोहोचवीत होत्या, आणि लाडवास तिने स्पर्शही केला नव्हता. पण मी सुकामेव्याचा माणूस. माल वाया जाऊ देणे मला जमत नाही.

मॅडमनी काट्याकडे पाहिले, मग माझ्या शर्टाच्या बटणाकडे. "पोट कुणाचं वाढायला हवं होतं, औताडे? उपचारात पुरुषाचं वजनही बघतात. डाळ, अंडी, पालेभाजी, ताक. आणि भरपूर पाणी!"

"एवढंच?"

"एवढंच."

सध्या अण्णांचा पाळणा आमच्या मधल्या खोलीत टांगलेला आहे. गर्भ ठेवून झाला असून रिपोर्ट यावयाचा आहे. अण्णा गावी गप्प आहेत, आणि त्यांस ते फार जड जात असल्याचे कळते. तोपर्यंत उरलेल्या लाडवांचा डबा तनुजाने पाळण्यात ठेवला आहे. त्यात हात घातला की पितळी कडी करकरते, आणि भिंतीपलीकडून मालनबाई विचारतात, "बद्रीभाऊ, कोन हलवतंय पाळना?"

आपण आपला अमूल्य वेळ देऊन ही हकीकत वाचलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. डिंक घ्यावयाचा असल्यास दुकानी यावे, परंतु थंडीत!

आपला नम्र,
बद्रीनाथ धोंडिबा औताडे
पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर