सरूप पदांची पंगत

माह्या बायकोच्या तेरवीले गुलाब मास्तरानं बसलेली पंगत उठवली. मधात उभा राहून वरडला, "शुगरवाले इकडं! दात नसलेले तिकडं! सरूप पदं एकत्र!" बीजगणितात म्हणे सारख्यातच सारखं मिळवता येते, क्षमध्ये क्ष घाला, क्षचा वर्ग अलग ठेवा. वाढणाऱ्याचा बुंदीचा फेरा वाचते, हे वरून. माहे व्याही पाहातच राहिले. मले शरमेनं मान वर करवेना. सगळ्यांले बसवून त्यानं मले शेवटी नेलं, आपल्या बाजूले. त्या रांगेत आमी दोघंच.

मास्तर भातकुली गावात माह्या भिंतीले भिंत लावून राहाते. नोकरी सुटली, गणित सुटलं नाही. तेरवीनंतर रोज संध्याकाळी पाटी घेऊन माह्या ओट्यावर. मी भाजीवाला, चौथी नापास.

"भाऊ, तागडी येते ना? मंग समीकरण येते. दोन्ही पारड्यांतून सारखंच काढा, काटा हालत नाही."

दोन क्ष अधिक तीन बरोबर अकरा. मी दोन्हीकडून तीन काढले. दोन क्ष बरोबर आठ.

"मंग?"

"मंग चार!"

"उत्तर क्षच्या जागी टाकून पाहा, मंग वरडा."

बायको गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा मले भूक लागली.

एकदा व्याही अचानक आले. मी पाटी बारदान्याखाली सरकवली, पण त्यायनं पाह्यलीच. "काहून भाऊ, मॅट्रिकले बसून राहिले का?"

"छ्या! तो मास्तर येडा हाय. फुकटच्या चहासाठी येते."

मास्तर फाटकातच उभा होता. "चहा चांगला असते," म्हणाला. बसला, प्याला, गेला. मंग आलाच नाही.

ओटा मले खायाले उठला. पाटीवर त्याचं गणित तसंच होतं: तीन क्ष बरोबर क्ष अधिक दहा. ते सोडवलं अन् शेवटी मीच त्याच्या दारात गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आतून आवाज आला, "मंग?" जरा थांबून पुन्हा त्याचाच आवाज, "मंग चार."

आत दुसरं कोणी नव्हतं. एक खाट, अन् समोर भिंतीवर त्याच्या बायकोचा हार घातलेला फोटो.

माफीच्या जागी पाटी पुढं केली. "क्ष पाच. टाकून पाह्यलं. दोन्हीकडं पंधरा."

त्यानं पाटी लय वेळ पाह्यली. मंग खाटेवर जरा सरकला.

"सरूप पदं," एवढंच म्हणाला. मी बाजूले बसलो.

चहा त्यानं केला. भिकार होता. मी आणखी मागून घेतला.