साडेतीन ताऱ्यांची अट

बिअर चाखून तिला गुण देणे हे काम वरवर पाहता कुणालाही जमण्यासारखे वाटते, आणि म्हणूनच त्यासाठी समिती नेमावी लागते. आमच्या समितीत आम्ही तिघे होतो. अध्यक्षांची दारू डॉक्टरांनी नऊ वर्षांपूर्वी बंद केली होती, त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती मानले जाई; ते फक्त वास घेत. दुसरे सदस्य दातांचे डॉक्टर. तोंडाशी संबंध, एवढीच त्यांची पात्रता. तिसरा मी, वजनमापे तपासणारा निवृत्त निरीक्षक. ग्लासात किती आहे हे मला अचूक सांगता येते. कशी आहे हे मला आजवर कुणी विचारले नव्हते.

त्या दिवशी तपासणीला आली होती माझ्याच मेहुण्याने बनवलेली इंडिया पेल एल जातीची बिअर. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली कायमची नोकरी सोडून त्याने भाड्याच्या गाळ्यात स्टीलची दोन पिंपे मांडली होती. कोपऱ्यावरच्या बारमालकाने त्याला शब्द दिला होता की समितीचे साडेतीन तारे आण, काउंटरवरचा एक नळ कायमचा तुझा. तारे कमी पडले तर महिनाअखेर गाळा सोडावा लागणार होता. मी नातेवाईक आहे, हे मी अध्यक्षांना प्रामाणिकपणे कळवले. त्यांनी नियम काढून दाखवला. नातेवाईक म्हणजे रक्ताचा. मेहुणा रक्तात येत नाही, फक्त घरी येतो.

मी एक घोट घेतला आणि खरे सांगतो, जीव सुखावला. आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग खणखणीत कडूपणा, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच दुसऱ्या घोटाची ओढ. छान आहे, असे मी म्हणून गेलो.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिले. 'छान' हा शब्द मान्यताप्राप्त सूचीत नव्हता. सूचीत एकशे चाळीस शब्द होते: ओले लाकूड, नवी चामडी चप्पल, भिजलेले वर्तमानपत्र वगैरे. आवडली की नाही, यासाठी रकानाच नव्हता. पूर्वी होता म्हणे, पण लोक त्यात आपापली मते लिहू लागल्याने तो रद्द करण्यात आला.

मग डॉक्टरांनी बिअरचा रंग तक्त्याशी जुळवायला घेतला. तक्ता दातांचा होता, त्यामुळे पाऊण तास गेला. तोवर फेस बसला म्हणून फेसाचे गुण कापले, ग्लास कोमट झाला म्हणून तापमानाचे कापले. डॉक्टरांनी चव कडू असल्याचे सांगताच अध्यक्षांनी चवीचेही कापले. मी म्हणालो, ही बिअर कडूच असते, लोक त्यासाठीच पितात.

"असेल," अध्यक्ष म्हणाले. "पण उद्या तक्रार आली तर उत्तर कोण देणार?"

त्यांनी २.४ लिहिले. डॉक्टरांनी मान वाकडी करून त्यांचा कागद पाहिला आणि २.४ लिहिले. माझ्या मनात साडेचार होते. पण अध्यक्षांच्या आकड्यापेक्षा अर्ध्या ताऱ्याहून अधिक फरक पडला की मतभेद प्रपत्र भरावे लागते. तीन प्रती, सविस्तर कारणे आणि दोन साक्षीदार. साक्षीदारांनी तोच घोट घेतलेला असावा. तो घोट माझ्या पोटात होता. शिवाय एक वाजून गेला होता आणि भूक लागली होती. मी २.९ लिहिले. नियमात बसून जेवढे शूर होता येते, तेवढा झालो.

मेहुणा बाहेर बाकावर बसला होता. निकाल वाचून त्याने कागदाची नीट घडी केली.

"दाजी, तुम्हाला तरी आवडली का?"

"समितीचा निर्णय सामूहिक असतो," मी म्हणालो. म्हणताना माझी मलाच लाज वाटली, पण वाक्य पूर्ण केले.

महिनाअखेरीस गाळा गेला, पिंपे गेली. उरलेल्या बाटल्या त्याने आमच्याकडे आणून ठेवल्या. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचा फोन आला: दोन बाटल्या मिळतील का, आणि विषय आपल्यातच राहू द्या. मग २.४ कशाला दिले, असे विचारल्यावर ते म्हणाले, अध्यक्षांनी दिले म्हणून. मी तडक अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी निर्मळ मनाने मोबाईल पुढे केला. त्यात लोक बिअरला तारे देतात ते ॲप होते; ते स्वतः चाखत नसल्यामुळे सकाळीच तिथले तारे पाहून ठेवत. मेहुण्याने तिथे बिअरचे नाव नोंदवले त्याच दिवशी अकरा जणांनी मिळून तिला २.४ दिले होते. बिअर तेव्हा पिंपातच होती.

घरी येऊन मी बायकोला सगळे सांगितले. तिच्या भावाला न पिणाऱ्यांनी बुडवले, असे मी जरा तावातावाने म्हणालो.

"त्यांचं सोडा," ती म्हणाली. "तुम्ही तर प्यायला होतात."

तेव्हापासून मी त्या अकरा जणांच्या शोधात आहे, कारण स्वतःला शोधण्यापेक्षा ते सोपे आहे. साधीच माणसे असणार. कुणाचे वाईट व्हावे असे त्यांच्या मनातही नसेल, अंगठा मोकळा होता एवढेच. तुमच्यावर माझा अजिबात संशय नाही. पण ही गोष्ट कशी वाटली ते ठरवण्याआधी, इतरांना कशी वाटली हे बघायला तुमचा हात खिशाकडे गेला, म्हणून विचारतो. मोबाईल जरा दाखवता?