हंसाच्या पोटावरचं तेल

तेलाचा डाग कुठलाही असो, शौकतला दाखवा! सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत बारा वर्षं घासलेला माणूस. गावी दाभोळला सुट्टीवर गेला तरी शेजाऱ्यांच्या लुंग्यांवरचं ग्रीस काढून देई. त्यामुळे त्या जानेवारीत प्लांटच्या तळ्याकाठी थकून पडलेला तो मोठा पक्षी दिसला, तेव्हा त्याने पोटावरचे काळे पट्टे बघितले, त्याला घरी उचलून आणलं आणि निकाल देऊन टाकला.

"हफीजा, टीव्हीवर बघतेस ना? तिकडे समुद्रात तेल सोडलंनी, पक्षी माखलेत. त्यातलाच हा!"

"तो समुद्र अरबस्तानाच्या पार त्या टोकाला. एवढं तेल पोटाला लावून हा इथवर उडत आला?"

"जीव वाचवायला माणूसही पळतो. तूही जायला हवंस," शौकत म्हणाला.

झालं! गाडी पुन्हा त्याच रुळावर. कुवेतवरून लढाई पेटल्यापासून तो बायकोला गावी पाठवायला बघत होता. शुक्रवारचं तिकीटही आणून ठेवलं होतं. आणि हफीजा म्हणत होती, तुम्हाला इथे टाकून मी एकटी जायची नाय. चार दिवस घरात नुसती भांडणं, आणि भांडण संपलं की दोघंही कोपऱ्यात डोळे पुसायची.

हफीजाने पक्ष्याचं पोट बोटांनी चाचपलं, एक पीस उलटं करून बघितलं आणि एकदम नरम आवाजात म्हणाली, "बरं. याच्या पोटावरचं काळं निघालं की मी जाईन. त्याआधी नाय."

"कबूल?"

"कबूल!"

शौकत इरेला पेटला. विषारी गॅसच्या हल्ल्याच्या भीतीने खिडकीला प्लास्टिक चिकटवून तयार ठेवलेली न्हाणी पक्ष्याला दिली. पहिल्या दिवशी भांड्यांचा साबण. दुसऱ्या दिवशी शाम्पू. तिसऱ्या दिवशी हफीजाने माहेरून आणलेली शिकेकाई! पक्ष्याने अंगठा फोडला, कानाचा चावा घेतला, पण काळं काही हटेना.

"कपाळ बघ!" शौकत ओरडला. "पांढरंशुभ्र निघालं! पोटालाही वेळ लागेल, पण निघेल."

हफीजा खाली मान घालून पाणी ओतत होती.

गुरुवारी सकाळी त्याने भांड्यांची काथ्याची घासणी आणली. ती बघताच पक्ष्याने असा काही टाहो फोडला, की आधीच धास्तावलेल्या कॉलनीला हल्ल्याचा भोंगाच वाटला! दारं धडाधड बंद झाली. शेजारचे डॉक्टर गोपीनाथ तोंडावर मास्क चढवून धावत आत आले. हे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन पक्षी बघत हिंडायचे. न्हाणीतला प्रकार बघून त्यांनी मास्क ओढून काढला.

"शौकतभाई, काय चालवलंय हे?"

"तेल काढतोय, डॉक्टर."

"कसलं तेल! हा रानहंस आहे. राखी हंस वेगळा, त्याचं कपाळ असं पांढरं नसतं. याचं कपाळ पांढरं, पाय नारिंगी, पोटावर काळे आडवे पट्टे. पांढऱ्या कपाळाचा हंस! ते पट्टे तर वयात आल्यावरच येतात. जन्मभर घासलंत तरी जायचे नाहीत!"

शौकतच्या हातातली घासणी गळून पडली.

"उलट पिसांवरचं त्याचं स्वतःचं तेल तुम्ही धुऊन टाकलंत," डॉक्टर म्हणाले. "ते परत येईपर्यंत याला पाण्यात सोडू नका. राहू दे आठवडा-दोन आठवडे इथेच."

डॉक्टर कॉलनीची समजूत घालायला गेले. न्हाणीत नवरा, बायको आणि चिंब हंस. शौकतने हळूच वर बघितलं.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. काळं पार पिसाच्या मुळापर्यंत होतं. बारा वर्षं घासणाऱ्याला कळलं नाय, तर मी कशाला सांगू?" तिने पदराने त्याचा फुटलेला अंगठा टिपला. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "काळं निघालं की जाईन म्हटलं होतं. आता तिकडचं तिकीट परत करून या."

शौकत तिकीट आणायला उठला. जाता जाता हंसाने त्याचा दुसरा अंगठाही फोडला!